'कनेक्टिव्हिटी'ला जोडणी म्हणावं की मेळ?

बाळीवेसकर: स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी मेंदूच्या तपासणीची चार पानं मराठीत करतोय. 'फंक्शनल कनेक्टिव्हिटी'ला 'जोडणी' लिहिलं. एका आईला कच्चा मजकूर दाखवला तर त्या घाबरल्याच. "म्हणजे पोराच्या डोक्यातली वायर तुटलीय का वो?" नळजोडणी, वीजजोडणी म्हणत आलेल्यांना तारच दिसणार. इथे तार मोजतच नाहीत. मूल एमआरआयमध्ये नुसतं पडून असतं आणि मेंदूच्या दोन भागांत रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार बरोबरीने होतात का, एवढंच बघतात. दुसरा शब्द सुचवा.

रेल्वेलाइन्स: 'संयोजकता'. संयोजन, संयोजक, सगळी रूपं सरळ निघतात.

साखरपेठ: सर, संयोजक म्हटलं की कार्यक्रमाचा माणूस आठवतो. 'मेळ' म्हणा. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की दोन पेठांतली दोन माणसं एकाच वेळी डबा घेऊन निघायची, एकमेकांची ओळख नसली तरी. तो मेळ. मेंदूतले तंतू खरोखर कुठून कुठे गेलेत ते पाण्याचे कण त्यांच्या कडेने कसे सरकतात त्यावरून काढतात, त्याला खुशाल जोडणी म्हणा.

बाळीवेसकर: भोंग्याचं पटलं. 1995 मध्ये संशोधक भरत बिस्वाल यांनी हेच दाखवलं होतं. माणूस स्वस्थ पडलेला, तरी हात हलवणारे डावे-उजवे भाग एका लयीत. मग 'स्वमग्न मुलांत मेळ कमी' असं लिहू?

होटगी रोडची आई: 'कमी' जपून लिहा दादा. कुठे कमी सापडलाय, कुठे जास्त. शिवाय डोकं जरा हललं तरी लांबच्या भागांतला मेळ उगीच कमी दिसतो, जवळच्यांतला जास्त. 2012 मध्ये हे पुढे आल्यावर आधीच्या निष्कर्षांवरच शंका आली. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्या खडखडाटात न हलता पडणं त्याला किती अवघड! आणि आधी 'स्वमग्न' काढा. शेजारच्या कारखान्यात कुठला माग बंद पडला ते आवाजावरून सगळ्यांआधी त्याला कळतं. तो स्वतःत कुठे मग्न आहे?

रेल्वेलाइन्स: ताई, 'ऑटिझम'मधला ग्रीक 'ऑटोस' म्हणजेही 'स्वतः'च. मग राग मराठी शब्दावरच का?

होटगी रोडची आई: ग्रीक कानाला कळत नाही, म्हणून टोचत नाही. 'तुमचा स्वमग्न' हे मी जिन्यात ऐकते.

साखरपेठ: 'कनेक्टिव्हिटी'ला 'ताणाबाणा', म्हणजे मागावरचे उभे-आडवे धागे, चालेल का? आम्ही घरी तेलुगूत पडुगू-पेका म्हणतो.

रेल्वेलाइन्स: 'ताणा'त ताण ऐकू येतो. पालकांच्या कागदावर नको.

साखरपेठ: ताण वाईट कसा, सर? उभा धागा ढिला पडला की आडवा धागा नेणारा धोटा अडकतो. आई कांड्या भरायची, मराठी बायका काय म्हणायच्या ते तिला विचारून सांगतो.