सँडर्स यांनी खरंच डेट्रॉइटला वाचवायला विरोध केला होता का?

चिंचवडी मिसळ:
मार्च २०१६ मधली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीची, क्लिंटन-सँडर्स यांची मिशिगनमधल्या फ्लिंटची डिबेट काल यूट्यूबवर बघितली. हिलरी ठणकावून सांगतात, मोटार कंपन्या वाचवायच्या पैशाला सँडर्स यांनी विरोध केला. सँडर्स म्हणतात, माझं मत वॉल स्ट्रीटच्या विरोधात होतं, कामगारांच्या नव्हे. अहो, २००८-०९ ला ही मदत ठरली तेव्हा दोघंही सिनेटमध्ये होते, मतं नोंदलेली आहेत, मग वाद उरतोच कसा? कुणीतरी एक जण थापा मारतंय ना? आमच्या ग्रुपवर रात्री दीडपर्यंत हाणामारी चालली होती. मिशिगनमधलं कुणी आहे का इथे?

गंजका पाना:
आहे. २००१ पासून इथेच गंजतोय.

थाप कुणीच मारली नाही. गोची अशी, की मतदान एकदा नाही, तीनदा झालं आणि जो तो आपल्या सोयीचं दाखवतो.

पहिलं १ ऑक्टोबर २००८ चं, टार्पचं, म्हणजे बँका वाचवायच्या सरकारी योजनेचं, ७०० अब्ज डॉलर. तेव्हा बँका बुडत होत्या, मोटारींचं नावही नव्हतं. क्लिंटन बाजूने, सँडर्स विरोधात.

दुसरं ११ डिसेंबरचं, फक्त मोटार कंपन्यांसाठी १४ अब्जांचं कर्ज. हे मात्र मी विसरणार नाही. आमची कंपनी छोटी सप्लायर, सीटखालचे ब्रॅकेट मारायची. मी सेकंड शिफ्टला. प्रेस, म्हणजे पत्रा दाबायचं मशीन, चालू असताना जागा सोडायची नाही हा नियम, पण त्या रात्री फोरमननेच प्रेस बंद केला आणि सगळे कँटीनच्या टीव्हीपुढे. पुढे जायला ६० मतं हवी होती, पडली ५२. विरोधात ३५. कुणी काही बोललं नाही. इथे डायमेकर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर, आपली अवजारं स्वतःची आणतात. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्याने गेज पुसून खणात ठेवले, टूलबॉक्सला कुलूप लावलं आणि शिफ्ट संपल्यावर तो पेटारा दोघांच्या मदतीने ट्रकमध्ये चढवून घरी नेला. बर्फ पडत होता.

त्या रात्री सँडर्स आणि क्लिंटन, दोघांनीही मदतीच्याच बाजूने मत दिलं होतं!

मग १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सिनेटला वळसा घालून टार्पमधूनच जनरल मोटर्स (जीएम) आणि क्रायस्लर या मोटार कंपन्यांना १७.४ अब्ज द्यायचं जाहीर केलं. म्हणजे बँकांच्या रांजणातून मोटारींना तांब्याभर पाणी. सगळा घोळ इथे झाला. १५ जानेवारी २००९ ला टार्पचा दुसरा हप्ता, ३५० अब्ज, अडवावा असा ठराव आला. सँडर्स ठरावाच्या बाजूने, क्लिंटन विरोधात. ठराव ४२-५२ ने पडला, पैसा सुटला. क्लिंटन फ्लिंटमध्ये बोलल्या ते या मताबद्दल. शब्दशः खरं, पण डिसेंबरचं मत गाळून सांगितलेलं, म्हणून मला ते लबाडीचं वाटतं.

सँडर्सनाही फुकट सोडू नकोस मात्र. बुश यांच्या १७.४ पैकी शेवटचे ४ अब्ज या दुसऱ्या हप्त्यावरच अडकले होते.

आणि नुसत्या नोंदीवर विसंबू नकोस. ११ डिसेंबरच्या यादीत हॅरी रीड 'विरोधात' दिसतात. रीड म्हणजे बिल रेटणाऱ्या डेमोक्रॅट्सचे नेते! मतदान पुन्हा घ्यायची मागणी हरलेल्या बाजूने मत दिलेल्या सदस्याला करता येत नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम विरोधात मत टाकलं. दहा वर्षांनी कुणी त्याचं पोस्टर छापलं तर काय म्हणशील?

शनिवारपेठी:
निदान तिकडे भांडायला नोंद तरी असते. आपल्याकडे एअर इंडियाला २०१२ मध्ये ३० हजार कोटींच्या वरचं पॅकेज मंत्रिमंडळाने मंजूर केलं. बजेटमधल्या मागण्यांवर बहुतेक वेळा आवाजी मतदान, वर १९८५ पासून पक्षांतरबंदी, म्हणजे व्हिप आला की खासदार गप्प. निवडणुकीत 'तुम्ही कसं मत दिलंत' विचारायचं तरी कुणाला?

चिंचवडी मिसळ:
काका, मतदारांनी मग कुणाचं ऐकलं? आणि तुमच्या कंपनीचं काय झालं?

गंजका पाना:
डिबेट रविवारी, मतदान मंगळवारी, ८ मार्चला. पोलवाले क्लिंटन यांना वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होते. सँडर्स दीडेक टक्क्याने जिंकले. या वादामुळेच, असं मी म्हणणार नाही. इथे नाफ्ताचा, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार कराराचा, राग जुना.

जीएम १ जून २००९ ला दिवाळखोरीत गेली आणि सावरून बाहेरही आली. आमची कंपनी त्याआधी एप्रिलमध्येच आटोपली होती. डायमेकरचा पेटारा दोन वर्षांनी मला एका गराज सेलमध्ये दिसला, विकायला नव्हे, वर लिंबू सरबत मांडलं होतं.

चिंचवडी मिसळ:
आणि तुम्ही कुणाला दिलंत?

गंजका पाना:
माझं ग्रीन कार्ड, मला मत नव्हतं. बायकोला होतं. तिने कुणाला दिलं ते अजून सांगितलेलं नाही.