टाकीतल्या गोगलगायीला थेट पिल्लं?

काचघर:
तळ्यातून पाणवनस्पती आणल्या, त्यांच्याबरोबर एक गोगलगाय आली. सुपारीएवढी, हिरवट-तपकिरी शंखावर वळसे घेत गेलेल्या गडद रेघा. टाकीत एकटीच. काल काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढी तीन पिल्लं दिसली, प्रत्येकाला शंख, दाराशी झाकणसुद्धा! अंड्यांचा पुंजका कुठेच नाही. नर नसताना हे कसं? आणि लोक ही खातात म्हणे?

जुनी_बीएस्सी:
वर्णनावरून बेलामिया बेंगालेन्सिस. (हल्ली फिलोपॅलुडिना म्हणतात. आमचं पाठांतर वाया.) ही बाहेर अंडी घालतच नाही, पिल्लं आईच्या पोटातच शंखासकट तयार होतात. तुमची तळ्यातूनच गाभण आली. नर ओळखायचा तर शिंगं बघा. उजवं डाव्यापेक्षा जाड, कारण मीलनाचं काम तेच करतं. आम्ही कॉलेजात चिरायचो ती पायला वेगळी: तिला कल्लाही आणि फुप्फुसही, अंडी पाण्याबाहेर ओल्या मातीत. हिला नुसता कल्ला, त्यामुळे पाण्यात हवा खेळती ठेवा. त्याच कल्ल्याने ती पाण्यातले बारीक कणही गाळून खाते. काच मात्र तुम्हालाच पुसावी लागेल, हं.

हावडा_रिटर्न:
खातात तर! नोकरीमुळे पाच वर्षं कोलकात्यात होतो. तिथे हिला गुगली म्हणतात. सहकारी म्हणाला, "आज घरी गुगली आहे", मला वाटलं मॅच आहे. मीठ-हळद लावून बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळायचं, मग मोहरीच्या तेलात कांदा-बटाट्याबरोबर. चव ठीक, जरा चिवट. पण पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. वाळू राहिली म्हणून मी मनातल्या मनात वहिनींना नावं ठेवली. आज कळलं, ते पोटातल्या पिल्लांचे शंख असणार! उरलेलं बदकांना. त्या भागात शंख भाजून चुनाही करतात.

जुनी_बीएस्सी:
कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कधीच नको, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून परजीवी माणसात येतात. आणि टाकीतली तर नकोच, माशांना औषधं घातलेली असतात. तांब्याचं औषध घालत असाल तर आधी हिला बाहेर काढा, नाहीतर मरेल.

काचघर:
खायचा बेत नव्हता हो! आत्ता भिंग लावून बघितलं, मोठीची दोन्ही शिंगं सारखी. आणि पिल्लं आज पाच.