जिनिंगच्या शेठला पोस्टग्रेस पटवायचा कसा?

काटापावती, हिंगणघाट:
जिनिंगसाठी काटा, कापूस खरेदी अन् गाठींचा हिशेब असं सॉफ्टवेअर देतो. डेटाबेस पोस्टग्रेस (ओपन सोर्स, फुकट मिळणारा). शेठ म्हणतात, "फुकटात भेटते त्याची ग्यारंटी कोन घेईन? एसक्यूएल सर्व्हर टाका." मायक्रोसॉफ्टच्या त्या डेटाबेसच्या लायसन्सचे पैसे मात्र द्यायचे नाहीत. लाईनही घडीघडी जाते. काय सांगावं?

वऱ्हाडी_कोडर:
भाऊ, कोटेशनमध्ये 'फुकट' शब्द आणूच नका. ग्यारंटी तुमच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) असते. किती तासांत माणूस येणार, जास्तीत जास्त किती वेळच्या पावत्या पुन्हा भराव्या लागतील, हे त्यात लिहून द्या. आणि एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस ही छोटी आवृत्तीही फुकटच! २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. गाड्यांचे फोटो आतच ठेवले तर ती लवकर गाठते. सरकारी नजीर लागत असेल तर केंद्राचं ओपन सोर्स धोरण २०१५ पासून आहे.

लाईन_गेली:
खरी परीक्षा लाईन गेल्यावरच. एन्ट्री स्लो होते म्हणून काही जण एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहून घेणारी सेटिंग) बंद करतात. मग एखाद्या दिवशी डेटाबेस उठतच नाही. सिंक्रोनस कमिट (नोंद डिस्कवर गेल्यावरच 'झालं' म्हणणारी सेटिंग) बंद केलं तर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात छापील पावती अन् कॉम्प्युटरात नोंदच नाही! काट्यावर दोन्ही चालूच ठेवा. यूपीएसची यूएसबी केबल जोडा, बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद झालं पाहिजे. अँटिव्हायरसमधून डेटा फोल्डर वगळा.

बॅकअप रोज रात्री पीजी-डंपने (पोस्टग्रेसचं बॅकअप काढायचं टूल), कस्टम फॉरमॅटमध्ये. युजर त्यात येत नाहीत. पीजी-डंपऑल या टूलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने ते वेगळे काढा. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीवर फाइल अडते, अन् स्क्रिप्ट एरर तपासत नसेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोर करून शेठला कालची शेवटची पावती दाखवा. दहा ब्रोशरनी होत नाही ते यानं होते.

वऱ्हाडी_कोडर:
लायसन्सचंही सांगतो. सोर्स न देता सॉफ्टवेअर विकायला पोस्टग्रेसची आडकाठी नाही, फक्त त्यांची कॉपीराइट नोटीस सोबत द्या. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस जीपीएलमध्ये आहे, म्हणजे सोबत वाटताना सोर्स देण्याच्या अटी असलेलं लायसन्स. ते पॅक करून द्यायचं तर आधी वकिलाला विचारा.

काटापावती, हिंगणघाट:
हाताने डंप निघतो, टास्क शेड्यूलरमधून (विंडोजमध्ये ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं टूल) पासवर्डवर अडकतो.

लाईन_गेली:
पीजीपास फाइल (पोस्टग्रेसचा पासवर्ड साठवणारी) ज्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात आहे, टास्क त्याच युजरने चालवा. सिस्टीम अकाउंटवर टाकला असेल तर त्याला ती फाइल दिसत नाही.