लाईनवरची पोरं एकमेकांना मदत करेनाशी झालीयेत, काय करू? (सल्ला हवा आहे)

खेडचा_वारा

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका वायरिंग हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्यांच्या) कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. डिप्लोमा करून लाईनवरच लागलो होतो, आता एक पूर्ण लाईन माझ्याकडं आहे. क्रिम्पिंग, म्हणजे वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं, मग बोर्डवर वायर लावणं, टेपिंग आणि शेवटी टेस्टिंग. काही जण परमनंट, बरेचसे कंत्राटी, थोडे अप्रेंटिस.

प्रॉब्लेम असा की मॅनेजमेंटनी 'महिन्याचा उत्तम कामगार' सुरू केलंय, ज्याचे पीस जास्त त्याचा फोटो बोर्डावर आणि एक व्हाउचर. आधी क्रिम्पिंगवरचे आमचे एक जुने दादा कुणाचंही मशीन अडलं की स्वतः उठून सेटिंग करून द्यायचे, आता बसल्या जागेवरून म्हणतात मेंटेनन्सला फोन कर. टेस्टिंगवरच्या ताईला एकच फॉल्ट परत परत दिसत असला तरी ती मागं जाऊन सांगत नाही, सरळ रिवर्कच्या (परत दुरुस्त करायच्या मालाच्या) ट्रेमध्ये टाकते, कारण उठलं की तिचे पीस कमी भरतात. आणि एक नवीन पोरगा खूप फास्ट आहे, त्याला बाकीचे कॅन्टीनमध्ये काहीतरी बोलले आणि दुसऱ्या दिवशीपासून तोही बरोबर इतरांएवढेच पीस काढायला लागला.

आता वरून असं आलंय की लोणावळ्याला एक दिवस मोटिव्हेशनल स्पीकर बोलवू. मला मनापासून वाटतं की पोरं वाईट नाहीत, आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये. ह्या विषयात नीट अभ्यास कुठून करू आणि आत्ता लगेच काय करू, दोन्ही सांगा प्लीज.

जुनाजाणता

त्या फास्ट पोराची गोष्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी पिंपरीत आयुष्य काढलं, आता रिटायर आहे, आणि तू लिहिलंस ते जसंच्या तसं शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लोकांनी खोलीत बसून नोंदवून ठेवलंय. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, टेलिफोनची सामग्री बनायची. लोकांना हॉथॉर्न म्हटलं की कामावर काय फरक पडतो बघायला दिव्याचा उजेड कमीजास्त केला तेवढंच आठवतं, पण तुझ्या कामाचा भाग म्हणजे १९३१-३२ मधली बँक वायरिंगची खोली (इथं बँक म्हणजे टेलिफोनच्या स्विचचे संच, त्यांना वायरी जोडायचं काम). चौदा माणसं, नऊ वायरमन, तीन सोल्डरिंगवाले, दोन इन्स्पेक्टर. निरीक्षक कोपऱ्यात बसून फक्त बघायचा.

तिथं पगार गटाच्या उत्पादनावर होता, म्हणजे जास्त काढलं तर सगळ्यांना जास्त. तरी माणसांनी आपापसात ठरवून टाकलेलं होतं की दिवसाला एवढंच काम. जास्त करणाऱ्याला नावं ठेवायची, दंडावर बुक्की मारायची, कमी करणाऱ्यालाही सोडायचे नाहीत आणि साहेबाला सांगणाऱ्याला तर अजिबातच नाही. का, तर भीती. जास्त काढलं तर उद्या तोच आकडा नेहमीचा होईल, रेट कापतील, नाहीतर माणसं कमी करतील. मंदीचे दिवस होते, भीती खोटी नव्हती.

म्हणून आधी एकच काम कर. पोरांना विचार की बाबांनो जास्त पीस काढले तर पुढच्या महिन्यात टार्गेट वाढेल असं वाटतं का. केबिनमध्ये बोलावून विचारू नकोस, चहाला विचार. उत्तर 'हो' आलं तर स्पीकर कितीही चांगला असू दे, काही फरक पडणार नाही.

मास्तरीण

जुनाजाणता काकांना +१. मी मॅनेजमेंटच्या मुलांना ऑर्गनायझेशनल बिहेवियर, म्हणजे माणसं कामाच्या ठिकाणी कशी आणि का वागतात ते, शिकवते, अभ्यासाचं विचारलंत म्हणून सांगते. एनपीटेल ह्या सरकारी ऑनलाईन शिक्षणाच्या साईटवर ह्या विषयाचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण कोर्स आहेत, व्हिडिओ फुकट, परीक्षा द्यायची असली तरच फी. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीनं बघू नका, कंटाळून सोडाल. मोटिव्हेशन, ग्रुप डायनॅमिक्स (गटात माणसं कशी वागतात) आणि जॉब डिझाईन (कामाची मांडणी) एवढे भाग आधी बघा, आणि प्रत्येक भाग झाला की स्वतःच्या लाईनवरचं एक उदाहरण वहीत लिहा.

मास्लोचा पिरॅमिड, म्हणजे माणसाच्या गरजा भूक-तहानेपासून वर पायरीपायरीनं चढतात हे चित्र, सगळीकडं भेटेल, त्यात फार वेळ घालवू नका. मास्लोनं १९४३ साली लेख लिहिला त्यात पिरॅमिड नव्हताच, चित्र नंतर इतरांनी काढलं, आणि पायऱ्या एकामागून एकच चढतात हे नंतरच्या संशोधनात फारसं टिकलं नाही. त्यापेक्षा हर्झबर्ग हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचा. त्यानं १९५० च्या दशकात पिट्सबर्ग भागातल्या इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं की कामावर फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. वाईटाच्या गोष्टींत कंपनीची धोरणं, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा हे आलं. छान वाटण्याच्या गोष्टींत काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामच आवडलं हे. म्हणजे वाईट काढून टाकलं म्हणून माणूस आपोआप उत्साही होत नाही, ती दोन वेगळी खाती आहेत.

कंत्राटी_कामगार

ताई राग मानू नका पण त्यानं विचारलं ते इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना. मी कंत्राटी म्हणून काम करतो, शेजारच्या परमनंट माणसाइतकंच आणि तेच काम आणि हातात पडतात त्याच्या निम्म्याहून कमी. आम्हाला दर काही महिन्यांनी ब्रेक देतात आणि परत घेतात, पुढच्या दिवाळीला आपण इथं असू का हे माहीत नसतं. अशा माणसाला पगार हे वेगळं खातं आहे असं सांगून चालत नाही. धागाकर्त्यांना विचारायचंय, तुमच्या बोर्डावर आजपर्यंत एकातरी कंत्राटी पोराचा फोटो लागलाय का?

खेडचा_वारा

नाही लागला. नियमातच नाही, फक्त परमनंटसाठी आहे.

मास्तरीण

मग तिथंच बघा. आणि कंत्राटी_कामगार, राग कशाला, तुमचा मुद्दा बरोबर आहे. हर्झबर्गवर ती टीका झालेलीच आहे, आणखी एक अशी की माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला देतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, म्हणून उत्तरं अशी दोन ढिगात पडली असतील. मला तरी त्यातला कामाचा आणि जबाबदारीचा भाग उपयोगी वाटतो, पण एकाच कामाला दोन पगार असतील तर माणूस आधी तुलना करतो, बाकीचं सगळं त्यानंतर.

रात्रपाळी

मी नर्स आहे, तुमच्या कारखान्यातलं काही कळत नाही पण टेस्टिंगवाल्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलच्या वॉर्डांचा अभ्यास केला, औषधं देताना होणाऱ्या चुकांचा. त्यांची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील. सापडल्या जास्त! नंतर लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथल्या नर्स बोलत होत्या. जिथं सिस्टरला इन्चार्जची भीती, तिथं चूक रजिस्टरमध्ये येतच नाही.

हे मी रोज बघते. ड्यूटी देताना घेताना पहिला प्रश्न 'हे कुणी केलं' असा आला की पुढची सिस्टर गप्प होते. तोच प्रश्न 'हे कसं झालं, दोन औषधांची लेबलं सारखी होती का' असा आला की तीच सिस्टर आणखी दोन गोष्टी स्वतःहून सांगते, की ट्रे इथं ठेवला होता, फोन वाजला होता, वगैरे. तुम्ही त्या ताईंना फॉल्ट दिसला की लाईन थांबवायचा, मागं जाऊन दाखवायचा हक्क द्या, आणि त्या वेळेचे पीस त्यांच्या नावातून कापू नका. आणि एक, हे सुरू केलं की पहिल्यांदा फॉल्टचा आकडा वाढेल. ते साहेबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बिचाऱ्या ताईंवरच येईल.

हिशेबनीस

मी एचआरमध्ये आहे त्यामुळं दुसरी बाजू मांडतो. वैयक्तिक बक्षीस बंद करून सगळ्या लाईनला एक बोनस द्या असं इथं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो की त्याचाही त्रास आहे. रिंगलमन नावाचा फ्रेंच शेतकी इंजिनिअर होता, त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते छापून आलं. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो पण माणशी जोर कमी होतो. थोडं कारण सगळ्यांचा झटका एकाच वेळी लागत नाही हे, आणि थोडं, हे पुढं १९७९ च्या प्रयोगांत स्पष्ट झालं, की आपला वाटा कुणाला दिसत नाही म्हटल्यावर माणूस हात सैल सोडतो. त्यामुळं गट मोठा आणि वाटा अदृश्य असं झालं तर चांगलं काम करणारा चिडतो. आम्ही लोक वैयक्तिक बक्षीस काढतो ते काही उगाच नाही.

कामशेतकर

गट छोटा ठेवायचा मग. धागाकर्ते खेडचे दिसतायत, चाकण खेड तालुक्यातच येतं, तर तुमच्या लाईनवर खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळची पोरं असणारच. मुंबईचे डबेवाले ह्याच तालुक्यांतले. आमच्या घरातली माणसं त्यात होती म्हणून जवळून माहितीये. छोटे छोटे गट असतात, गटाची कमाई गटात सारखी वाटून घेतात, जुना असो नवा असो. मुकादम म्हणजे केबिनमधला साहेब नाही, त्यानं स्वतः डबे उचललेले असतात आणि कुणी आला नाही तर तोच पुढं होतो. गटात एखाददुसरा माणूस जादाचा ठेवतात, कुणी आजारी पडलं, कुणाची लोकल चुकली तर सांभाळायला. मॅनेजमेंटवाले त्यातलं कोडिंग (डब्यावरच्या पत्त्याच्या खुणा) आणि अचूकपणा सांगतात, हार्वर्डनी केस स्टडी पण केला २०१० साली, पण माझ्या मते खरी गंमत त्या जादाच्या माणसात आहे. मदत करायला माणूस मोकळा असला पाहिजे ना! तुमच्या लाईनवर प्रत्येक जण टार्गेटला जुंपलेला आहे, मग उठून सेटिंग कोण करून देणार?

आणि छोट्या गटात हात सैल सोडलेला लगेच दिसतो, मोजायला रजिस्टर लागत नाही, गावाकडचं नातं असतं.

मास्तरीण

खूप छान प्रतिसाद. फक्त एक लक्षात ठेवा, डबेवाला त्या धंद्यात भागीदार आहे, कंत्राटी पोरगा नाही. म्हणून वाटणीची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, पण गट लहान ठेवणं आणि माणूस मोकळा ठेवणं हे येईल.

मागावरचा

इचलकरंजीहून. मागाचा विषय निघाला नाही म्हणून मीच काढतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ ला ए. के. राईस म्हणून लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक आले होते. ऑटोमॅटिक माग आणले होते तरी कापड काही अपेक्षेएवढं निघत नव्हतं. कामाची वाटणी अशी होती की एकानं फक्त गाठी मारायच्या, एकानं बॉबिन भरायचे, एकानं तेल द्यायचं, आणि प्रत्येक जण सगळ्या शेडभर फिरणार. म्हणजे 'हे माझे माग' म्हणायला कुणीच नाही. मग छोटे गट केले, प्रत्येक गटाला ठराविक माग, गटात सगळ्या कामाची माणसं. गट कुणी कुणाबरोबर करायचे हे कामगारांनी स्वतः ठरवलं आणि फार पटकन ठरवलं. कापड वाढलं, खराबा कमी झाला. पोरांना भाषण दिलं नव्हतं कुणी, कामाची मांडणी बदलली.

माझं स्वतःचं मत, मांडणी बदलायच्या आधी मांडणी कशी आहे ते कागदावर काढा. कोणाचं काम अडलं की कोणाकडं जावं लागतं ते बाण काढून बघा, पोरांनाच काढायला लावा.

हिशेबनीस

चांगलं आहे हे, कॅलिकोचं मला माहीत नव्हतं. लोणावळ्याच्या ट्रेनिंगबद्दल एवढंच सांगतो की ट्रेनिंग नेहमी वाया जातं असंही नाही. मॅक्लेलंड ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना अचिव्हमेंट मोटिव्हेशनचं (काहीतरी करून दाखवायची जिद्द वाढवायचं) ट्रेनिंग दिलं होतं आणि त्यांनी पुढं खरंच नवे धंदे काढले, माणसं कामाला ठेवली. पण ते स्वतःच्या दुकानाचे मालक, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलू शकत होते. लाईनवरच्या पोराला परत आल्यावर काय बदलता येणार आहे ते आधी ठरवा, मग पाठवा.

खेडचा_वारा

मंडळी खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काका, चहाला विचारलं. आधी कुणी बोलेना, मग तो फास्ट पोरगाच म्हणाला की मागच्या लाईनला आकडा वाढवला होता आणि नंतर अप्रेंटिसची मुदत संपल्यावर दोघांना घेतलं नाही, हे सगळ्यांना माहितीये. म्हणजे भीती आहेच, आणि मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. बाणांचा कागद पण काढला. सगळ्यात जास्त बाण क्रिम्पिंगच्या दादांकडं जातायत, आणि नेमकं त्यांनाच पीसवर मोजतोय आपण.

आता साहेबांकडं जायचंय. लाईनचे तीन छोटे गट, दादांना पीसच्या मोजणीतून बाहेर काढून मोकळं ठेवायचं, आणि बोर्डावर फोटोऐवजी गटाचा रिवर्क किती कमी झाला ते, कंत्राटी धरून. पण मागायचं कसं? साहेब म्हणणार एक माणूस फुकट बसवतोस.

जुनाजाणता

'मोकळा माणूस' हा शब्दच काढू नकोस. मशीन अडल्यावर मेंटेनन्स येईपर्यंत किती वेळ लाईन उभी राहते ते लिहून घे, रोजचं, पोरांच्या हातानं लिहून. रिवर्कला किती माणसं आणि किती ओव्हरटाइम जातो तेही. ते दोन आकडे समोर ठेव आणि एकाच लाईनवर, थोड्या दिवसांसाठी करून बघतो म्हण. आणि त्याच बैठकीत साहेबाकडून एक गोष्ट लेखी घे, की ह्यात पीस वाढले तरी त्यामुळं टार्गेट वाढवणार नाही आणि माणूस कमी करणार नाही. ते मिळालं नाही तर गट करू नकोस, पोरांचा तुझ्यावर आत्ता बसलेला विश्वासही जाईल.

रात्रपाळी

आणि फॉल्टचा आकडा आधी वाढणार, तेही त्याच कागदावर लिहा.

कंत्राटी_कामगार

साहेब काय म्हणाले ते इथं नक्की लिहा. आमच्याकडंही दाखवायला उपयोगी पडेल.