मदत हवी आहे : चालकविरहित गाडीच्या दुहेरी संगणकात एकमेकांपासूनचे स्वातंत्र्य कसे सिद्ध करावे?

नमस्कार. मी ब्रेकच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे लॉकस्टेप पद्धत परिचयाची आहे : प्रोसेसरचे दोन कोअर (गणना करणारे भाग) एकच सूचना थोड्या क्लॉकच्या (प्रोसेसरच्या ठोक्यांच्या) अंतराने चालवतात, उत्तरांत फरक दिसताच चूक पकडली जाते आणि यंत्रणा सुरक्षित स्थितीत जाते. आयएसओ २६२६२ या वाहन-सुरक्षेच्या मानकातील एसिल-डी या सर्वात कडक पातळीसाठी हे नीट बसते.

चालकविरहित गाडीत मात्र महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये संगणक नुसता बंद करणे ही सुरक्षित स्थिती नव्हे. गाडी कडेला जाईपर्यंत दुसऱ्या संगणकाने काम चालू ठेवलेच पाहिजे, आणि दोन्हींवर एकच सॉफ्टवेअर असेल तर दोघेही एकसारखेच चुकतील. शिवाय प्रत्येक चूक बिघाडातून येत नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी येथे उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली, तेव्हा यंत्रणा समोरच्या वस्तूचे वर्गीकरण वारंवार बदलत होती आणि दर बदलाबरोबर तिच्या हालचालीचा माग विसरत होती. अशा चुकीपुढे लॉकस्टेप निरुपयोगी आहे, कारण दोन्ही कोअर तेच चुकीचे उत्तर इमानेइतबारे देतील.

आमचा विचार असा, की वस्तू ओळखणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेले सॉफ्टवेअर) क्यूएम पातळीवर, म्हणजे नेहमीच्या गुणवत्ता-नियंत्रणापुरते, ठेवावे आणि लॉकस्टेप कोअरवरील साध्या, तपासता येण्याजोग्या निरीक्षकाला (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) एसिल-डी द्यावे. पण निरीक्षक त्याच कॅमेऱ्यावर अवलंबून असेल, तर सुरक्षा-परीक्षक दोघांचे एकमेकांपासूनचे स्वातंत्र्य मान्य करतात का? निरीक्षकासाठी वेगळा रडार आणि वेगळा वीजपुरवठा दोन्ही आवश्यक ठरतात का? अवलंबी बिघाडांचे (एकाच कारणाने किंवा एकामुळे दुसरा असे दोन्ही भाग निकामी होण्याचे) विश्लेषण प्रत्यक्ष केलेल्या सदस्यांनी कृपया अनुभव सांगावा.