मदत हवी आहे: दुसरीची दशक सुटा करून वजाबाकी, काड्यांवर बरोबर आणि वहीत चूक

नमस्कार मंडळी. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे. आठवड्याचं नियोजन असं: सोमवार-मंगळवार फक्त काड्या, बुधवारी खोट्या नोटा-नाण्यांचं दुकान, गुरुवारी वहीत उभी मांडणी, शुक्रवारी शाब्दिक उदाहरणं, शनिवारी अर्धा दिवस खेळ.

काड्यांवर अडचण नाही. 52 मधून 28 काढायचे तर 5 गठ्ठे, 2 सुट्या. आठ काढता येत नाहीत म्हटल्यावर मुलं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर सोडतात. 4 गठ्ठे, 12 सुट्या, उरतात 24. (गठ्ठे आधी मोजून घ्या, नऊ-अकराचे हमखास निघतात.)

गाडी अडते ती गुरुवारी. काही जण 36 लिहितात, म्हणजे 8 मधूनच 2 वजा केले. काहींचं 34 येतं: एककात 12 केले, पण दशकाचा 5 खोडून 4 करायचा राहिला. दोन्ही चुकांवर उपाय वेगळा, म्हणून उदाहरणही निवडून द्यावं लागतं. 52 − 27 दिलं तर दोन्ही चुकांचं उत्तर 35च येतं, आणि नेमकं काय बिघडलंय ते वही तपासताना कळत नाही.

विचारायचं हे: काड्या आणि वही एकाच वेळी समोर ठेवता का, म्हणजे रबर सुटलं की लगेच 5 खोडायचा? 40 − 16 सारखी शून्याची उदाहरणं याच आठवड्यात घ्यावीत की थांबावं? आणि तेवढ्या वेळात पहिलीच्या मुलांना असं काय द्यावं की ती वीस मिनिटं तरी हाका मारणार नाहीत?