नवं यंत्र आलं, तरी वही सुटेना

प्रश्न: तासगाव तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा मी सचिव. फॅट मोजायचं नवं यंत्र बसवलं, बिल थेट खात्यात जमा होतं. तरी माप घेणारे तात्या सगळं वहीत पुन्हा लिहितात. दोनदा सांगितलं. काय करू?

उत्तर: वही काढून घेऊ नका! 'माझं फॅट का उतरलं?' हे लोक इतकी वर्षं तात्यांनाच विचारत आले असणार. तो मान यंत्राकडे गेला.

दुसरं उत्तर: यंत्रानं माणसांची घडी मोडते, हे जुनंच आहे. ब्रिटनच्या कोळसा खाणींत यंत्रं आली, तेव्हा एकमेकांना सांभाळणाऱ्या कामगारांच्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि अपेक्षेइतका कोळसा निघेना. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ या संशोधकांनी १९५१ साली हे मांडलं.

प्रश्नकर्ता: आज पहाटे तात्यांना यंत्राशेजारी बसवलं. आकडा तेच मोठ्यानं वाचतात. वही आहे अजून, राहू दे.